सातासमुद्रांपलीकडची खतावणी

खानदेश म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे तीन गोष्टी उभ्या राहतात: केळी, वांग्याचे भरीत आणि ऊन. घरात लग्न निघाले असेल तर यांत जळगावच्या सोन्याची भर पडते. भुसावळला गाडी थांबते तेव्हा आपण खिडकीतून केळी घेतो, चहा घेतो, घड्याळ पाहतो. आणि गाडी हलली की आपल्यापुरता खानदेश संपतो. तापी, गिरणा, पांझरा या नद्यांच्या काठची ही काळी जमीन जगाच्या व्यवहारात कुठे बसते, असा प्रश्न आपल्याला कुणी विचारीत नाही. आणि विचारलाच तर आपण म्हणू, 'आत कुठेतरी.' ना जवळ बंदर, ना जवळ सरहद्द. अशा मुलखाचा परदेशाशी संबंध तो काय असायचा?

गेल्या पौषात आठ दिवस या मुलखात हिंडण्याचा योग आला, तो याच प्रश्नाच्या पायी. निमित्त झाले माझ्या भाच्याचे. तो विद्यापीठात संशोधन करतो. विषय विचारला की म्हणतो, "देशादेशांमधले धागे." आमच्या वेळी इतिहासाचा अभ्यास म्हणजे सनावळी नि लढाया. याच्या टेबलावर पुस्तके थोडी आणि आकडे फार. जहाजांच्या हालचाली, उपग्रहांनी काढलेली छायाचित्रे, दीडशे वर्षांपूर्वीच्या विलायती वर्तमानपत्रांच्या नकला, असा सारा पसारा त्याच्या संगणकात. मी बँकेत पस्तीस वर्षे खतावण्यांचे मेळ घातलेला माणूस. आकड्यांचे मला वावडे नाही. त्यामुळे "मामा, माझ्या वहीची एक बाजू तयार आहे, दुसरी खानदेशात आहे, येता का?" असे त्याने विचारताच मी पिशवी भरली. सौभाग्यवतींनी परवानगी दिली, पण येताना भरताची वांगी आणण्याच्या अटीवर.

दिवसाची गाडी मुद्दाम धरली. कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लागली आणि थळ घाटाची चढण सुरू झाली. सदतीस फुटांना एक फूट अशी ही चढण. खाली दऱ्या, वर कडे, मध्येच बोगद्याचा काळोख. घाटातला हा लोहमार्ग 1 जानेवारी 1865 रोजी खुला झाला. बोगद्यातून उजेडात येताच भाच्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर त्या काळातले लिव्हरपूलचे एक वर्तमानपत्र होते; मुंगीएवढ्या टाइपात कापसाचे भाव छापलेले.

"मामा, या घाटाची एवढी घाई कुणाला होती, ते या पानावर आहे."

ती कहाणी थोडक्यात अशी. 1861 च्या एप्रिलात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण या दोन पक्षांत युद्ध पेटले. इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्यातल्या गिरण्या तेव्हा बहुतांशी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसावर चालत. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि गिरण्यांची चाके थांबली. 1862 च्या हिवाळ्यात लँकेशायरमध्ये सुमारे पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. मग विलायतेची नजर हिंदुस्थानकडे वळली. गुजरात, वऱ्हाड, खानदेश इथल्या कापसाला कधी न मिळालेला भाव आला. त्या पाच वर्षांत मुंबईला नेहमीपेक्षा आठ कोटी पौंडांवर अधिक पैसा मिळाला, असा जुन्या ग्रंथकारांचा हिशेब आहे. मुंबईत शेअरांचा धुमाकूळ माजला, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. प्रेमचंद रायचंद हे त्या खेळातले राजे. त्यांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर अजून फोर्टात उभा आहे. इकडे घाटातला मार्ग खुला झाला आणि चार महिने होतात न होतात तोच अमेरिकेतले युद्ध संपले. भाव कोसळले. 1 जुलै 1865 रोजी मुंबईच्या सटोडियांचे दिवाळे वाजले.

एवढे आपण शाळेत शिकलो आहोत. नवे आहे ते पुढेच. विलायतेतल्या ब्रिटिश लायब्ररीच्या दप्तरातल्या जुन्या वर्तमानपत्रांची पाने संगणकावर चढवून 2011 साली त्यांचा संग्रह लोकांना खुला करण्यात आला. त्यात एक शब्द टाकला की लाखो पानांतून तो शब्द असलेली पाने क्षणात पुढे येतात. पूर्वी एका माणसाचे आयुष्य ज्यात गेले असते, ते काम आता चहा निवेपर्यंत होते.

"मग खानदेश शब्द टाक की," मी म्हटले.

भाचा हसला. "तिथंच तर मेख आहे. साहेबाला खानदेश म्हणता येत नव्हतं. कुणी कँडेश लिहिलं, कुणी कँडीश, कुणी खानदेइश. धुळ्याचं धूलिया झालं, जळगावचं जुलगाम. यंत्र अक्षरं जुळवतं, गाव ओळखत नाही."

आणि याहून मोठी मौज पुढेच होती. लिव्हरपूलच्या बाजारात आपला कापूस आपल्या गावाच्या नावाने विकला जातच नसे. हिंदुस्थानातून येईल तो सारा कापूस म्हणजे 'सुरत'. हा आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला कापूस लँकेशायरच्या कामगारांना इतका नकोसा झाला की 'सुरत' हा शब्दच तिकडे वाईट मालाला रूढ झाला. या सुरतेच्या पोटात निरनिराळ्या प्रती होत्या, त्यांतली एक 'ऊमरावटी', म्हणजे आपली अमरावती. पुढे तिचेच 'ऊम्रा' झाले. खानदेशचा कापूस या ऊम्राच्या ढिगात जाई. तेव्हा ज्याने खानदेश हा शब्द शोधला त्याच्या हाती चार ओळी लागतील. आणि ज्याला ऊम्रा म्हणजे काय ते ठाऊक आहे, त्याला रकानेच्या रकाने सापडतील. यंत्र कितीही हुशार असो, त्याला वाट दाखवायला गावचा माणूस लागतो, ही पहिली गोष्ट मला घाटातच समजली.

संध्याकाळी जळगावला उतरलो. हवेत सुखद गारवा होता. ज्यांच्याकडे उतरलो त्या घरी कळण्याची भाकरी, ठेचा, काड्यांच्या आगीवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत असा थाट होता. अशा जेवणानंतर इतिहासावर बोलणे अवघड असते, म्हणून त्या रात्री बोललो नाही.

सकाळी एका जिनिंग कारखान्यावर गेलो. फाटकाबाहेर कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग होती. आत अंगणात कापसाच्या पांढऱ्याशुभ्र गंजी. यंत्रातून एका बाजूने सरकी पडत होती, दुसऱ्या बाजूने रुई निघत होती, आणि शेवटी प्रेसखाली दबून तिची गाठ बाहेर येत होती. एक गाठ एकशे सत्तर किलोची. हवेत तंतू असे उडत होते की पाच मिनिटांत माझ्या कोटाला म्हातारपण आले.

मालक मोठे अगत्यशील गृहस्थ. बोलता बोलता त्यांची नजर सारखी मोबाइलकडे जाई. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारातला कापसाचा भाव त्यांच्या पडद्यावर हलत होता. "हिवाळ्यात महिन्यातून एकदा रात्री साडेदहापर्यंत मी जागतो," ते म्हणाले. "अमेरिकेच्या शेतीखात्याचा अहवाल त्या वेळी येतो." या अहवालात सगळ्या जगातल्या कापसाचा अंदाज असतो, त्यात हिंदुस्थानचाही. त्यासाठी हवामानाचे आकडे पाहतात, उपग्रहांची छायाचित्रे पाहतात. म्हणजे चोपडा-पारोळ्याच्या शेतात यंदा बोंडे किती लागली, याचा अंदाज वॉशिंग्टनमध्ये बसून बांधला जातो आणि तो वाचायला जळगावचा व्यापारी रात्री जागतो! आणि लिव्हरपूल? तेही अजून जागेवर आहे. तिथल्या जुन्या कापूस संघटनेची आज आंतरराष्ट्रीय संघटना झाली आहे आणि जगातल्या कापसाचे बहुतेक परदेशी करार तिच्याच नियमांवर होतात. गिरण्या गेल्या, राज्य गेले, नियम मात्र राहिले.

जळगाव शहरात अशा खुणा जागोजागी भेटतात. मुंबईच्या कापडबाजारात ज्यांच्या नावाचे मार्केट प्रसिद्ध आहे त्या मूळजी जेठांचेच नाव इथल्या महाविद्यालयाला आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात इथे अमेरिकन बियाणे रुजविण्याचे प्रयत्न केले होते. आज खानदेशात दिसणारा कापूस बहुतेक अमेरिकन जातीचाच आहे, आणि 2002 साली परवानगी मिळालेल्या बीटी बियाण्याने तर सारे शिवार व्यापले आहे. साहेबाला जे जमले नाही ते साहेब गेल्यावर झाले.

त्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याशी मी बोललो. पन्नाशीचे गृहस्थ, डोक्याला उपरणे. "भाव कळतो का तुम्हाला?" मी विचारले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. न्यूयॉर्कचा नसला, तरी आसपासच्या चार बाजारांचा भाव त्यांच्याजवळही होता. "कळतो ना भाऊ," ते म्हणाले. "पण कळून काय करू? दादर पेरली, खताचे पैसे द्यायचे, पोरीचं कॉलेज. घरात कापूस ठेवायला जागा पाहिजे, अन् ठेवेपर्यंत दम पाहिजे."

या एका वाक्यात दीडशे वर्षांचा इतिहास आहे. 1865 च्याच आरंभी इराणी आखातातून आलेली तार हिंदुस्थानला विलायतेशी जोडून गेली. जो भाव आगबोटीने महिन्याने कळे तो काही दिवसांत कळू लागला; 1870 मध्ये समुद्राखालून तार थेट मुंबईला आली आणि तो तासांत कळू लागला. त्या काळचे हे 'नवे साधन' होते. पण तार वाचणारा मुंबईत बसलेला होता, आणि कापूस वेचणारा खानदेशात. आज तार दोघांच्याही खिशात आहे. मात्र भाव कळणे निराळे आणि भावासाठी थांबता येणे निराळे.

दुसऱ्या दिवशी भुसावळवरून सावदा-रावेरकडे गेलो. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग आणि खाली मैलोगणती केळीच्या बागा. उघड्या काळ्या शेतांतून जाता जाता एकदम या बागेत शिरावे, तसा गारवा दुसरीकडे अनुभवाला येत नाही. पूर्वी इथे बसराई जातीची केळी असे. नाव कानावर पडताच बसरा बंदर आठवते. आता ग्रँड नैन. या दोन्ही जाती कॅव्हेंडिश कुळातल्या. कॅव्हेंडिश हे डेव्हनशायरच्या ड्यूकचे घराणे. 1830 च्या सुमारास मॉरिशसहून आलेले एक रोप त्यांच्या चॅट्सवर्थच्या काचघरात वाढविण्यात आले, त्यावरून हे कुळनाव पडले. लँकेशायरच्या गिरण्यांपासून हे काचघर फारसे लांब नाही! आज हीच रोपे ऊतिसंवर्धनाने जळगावात तयार होतात आणि ठिबकच्या पाण्यावर वाढतात. ठिबकचे तंत्र रुजले ते इस्रायलमध्ये, आणि 2007 मध्ये जळगावच्या जैन इरिगेशनने इस्रायलमधल्या एका ठिबक कंपनीतच भागीदारी घेतली. एका केळीच्या घडात किती देश लटकलेले असतात पाहा.

एका बागेत खाटेवर बसलेले एक वयोवृद्ध बागायतदार भेटले. सावद्याच्या स्टेशनावरून केळीच्या वाघिणी दिल्लीकडे कशा जात, ते त्यांनी रंगवून सांगितले. भाच्याने त्यांना उपग्रहाचे छायाचित्र दाखविले. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची जोडी 2017 पासून दर पाच दिवसांनी प्रत्येक शेतावरून जाते, दहा मीटरांपर्यंतचे बारीक चित्र काढते, आणि हे चित्र जगात कुणालाही फुकट मिळते. उन्हाळ्यातल्या त्या चित्रात सारा मुलूख मातकट आणि त्यात केळीच्या बागा पाचूच्या तुकड्यांसारख्या. आजोबांनी चष्मा पुसला, बोट फिरविले आणि विहिरीच्या खुणेवरून स्वतःची बाग बरोबर काढली.

मग त्यांनी विचारले, "अन् वादळात झोपलेली बाग यात दिसते का रे?"

भाच्याने पुढच्या तारखांची चित्रे काढली. एका तारखेला हिरवा तुकडा होता. पुढच्या तारखेला तो फिका, विस्कटलेला. आजोबा बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. "पंचनाम्याला येणाऱ्याची वाट पाहत आम्ही आडवी झालेली खोडं तशीच ठेवली होती," ते म्हणाले. "हे वरून सगळं दिसत होतं म्हणायचं!"

त्या म्हणण्यात राग नव्हता. आणि म्हणूनच ते मला लागले.

केळी परदेशी जाते ती मुख्यतः आखाताकडे. 'जळगाव केळी' या नावाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2021 च्या जूनमध्ये रावेर भागातल्या तांदलवाडी गावची बावीस टन केळी या मानाने दुबईला रवाना झाली. असा माल कुठून कुठे गेला ते पाहण्याचे दोन मार्ग भाच्याने मला समजावून सांगितले. पहिला संयुक्त राष्ट्रांच्या व्यापाराच्या नोंदींचा. 1962 पासून निरनिराळे देश आपली आयात-निर्यात तिथे कळवितात. प्रत्येक मालाला ठरावीक अंक असतो, केळीचा 0803. मी खतावणीचा माणूस, मी लगेच विचारले, "मेळ बसतो का?" बसत नाही! 'अमुक माल तमुक देशाला पाठविला' असे एक देश म्हणतो, आणि 'तेवढा आला' असे दुसरा देश म्हणत नाही. कधी माल वाटेत तिसऱ्याच देशाकडे वळतो, कधी एकजण वाहतुकीचा खर्च धरतो नि दुसरा धरीत नाही. बँकेत अशी खतावणी निघाली असती तर आम्ही रात्रभर बसलो असतो. शिवाय या नोंदींना देश ठाऊक आहे, तालुका नाही. रावेरची केळी आणि तमिळनाडूची केळी तिथे एकाच ओळीत.

दुसरा मार्ग जहाजांचा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार 2004 सालापासून परदेशी जाणारे प्रत्येक मोठे जहाज 'मी अमुक, इथे आहे, इकडे निघालो आहे' असे रेडिओवरून सारखे सांगत असते. या हाका गोळा केल्या की साऱ्या समुद्राचे चित्र पडद्यावर उमटते. 2021 च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' नावाचे जहाज सहा दिवस आडवे अडकले, तेव्हा दोन्ही तोंडांशी ठिपक्यांची दाटी झालेली लोकांनी घरी बसून पाहिली. 2023 च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि युरोपकडे जाणारी पुष्कळशी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. ते चित्र भाच्याने मला बागेच्या बांधावर बसून दाखविले. मुंबईकडून निघालेले ठिपके दक्षिणेला उतरत होते, केप ऑफ गुड होपला वळसा घेत होते आणि पुन्हा उत्तरेला चढत होते.

"ओळखीची वाट आहे, मामा," तो म्हणाला. "1863 चा कापूस असाच गेला."

खरेच होते. सुएझचा कालवा उघडला 1869 मध्ये. त्याआधी खानदेशचा कापूस शिडाच्या जहाजांतून याच वळशाने लिव्हरपूलला जाई. दीडशे वर्षांनी जग पुन्हा त्याच वाटेला लागले.

जळगावहून धुळ्याला हमरस्त्याने न जाता आम्ही धरणगाव-अमळनेर अशी वाकडी वाट धरली. धरणगाव म्हणजे बालकवींचे जन्मगाव, एवढेच आपण जाणतो. पण 1674 मध्ये इंग्रजांनी इथे वखार घातली होती, कापडासाठी; आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने ते गाव लुटले. म्हणजे कापसाच्या आधी दोनशे वर्षे या गावचे नाव लंडनच्या वह्यांत चढले होते. आणि अमळनेर? साने गुरुजींच्या शाळेचे गाव. इथेच 1945 साली वनस्पती तूप काढणारी एक कंपनी निघाली, 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स'. तिच्या नावाचे लघुरूप म्हणजे विप्रो! आज जी कंपनी परदेशी पेढ्यांचे संगणक सांभाळते, तिचा जन्म बोरी नदीच्या काठी तेलाच्या घाण्याशी झाला. जगाची माहिती सांभाळणाऱ्यांचे मूळ गाव खानदेशात निघावे, याची भाच्याला फार मौज वाटली.

धुळ्याला पोचलो ते भाच्याच्या वहीची दुसरी बाजू शोधायला. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात ते हे शहर. 31 डिसेंबर 1926 रोजी इतिहासाचार्य राजवाडे यांनी याच गावी देह ठेवला. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले, ते आजही आहे. राजवाड्यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत प्रसिद्ध केली. त्यासाठी गावोगाव पायपीट केली, वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरे खाली काढली. साहेबाने साहेबाच्या कागदांवरून आमचा इतिहास लिहावा हे त्यांना मान्य नव्हते. आमचे कागद आम्ही वाचले पाहिजेत, एवढ्या एका हट्टापायी त्या माणसाने आयुष्य वेचले. त्या काळची 'नवी साधने' तीच होती: वाण्याच्या पुडीला जाऊ शकणारे मोडी कागद.

शहरातल्या एका जुन्या पेठेत, पूर्वी कापसाची आडत असलेल्या एका घरी आम्हाला नेण्यात आले. मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक सोबत होते. घरच्या सूनबाईंनी पलंगाखालची ट्रंक पुढे ओढली. आत लाल बासनात बांधलेल्या वह्या. गुरुजींनी एक उघडली. शके 1786, म्हणजे इंग्रजी 1864. तीच साले, जी घाटात मी मोबाइलवर पाहिली होती. तिकडे रकान्यात भाव होते. इकडे माणसे होती. अमक्याच्या नावे कापसाचे इतके जमा. त्यातून बैलजोडी. त्यातून बायकोला चांदीच्या पाटल्या. गुरुजी वाचत होते, भाचा लिहून घेत होता. मग त्यांनी पुढच्या वर्षांची वही काढली. नाव तेच. पाटल्या परत आलेल्या, गहाण म्हणून. त्यापुढे काही पानांनी शेताचा नंबर.

कुणी काही बोलले नाही. लिव्हरपूलच्या पानावर त्या वर्षी भाव इतके उतरले, एवढेच छापलेले आहे. ते उतरून कुठे पोचले, हे त्या वहीत होते. पुढे 1875 मध्ये पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्या दंग्याची चौकशी झाली तेव्हा कापसाच्या त्या चढउताराचे नावही कारणांत आले. वह्या जळाल्या त्या रागाने. पण धुळ्याच्या त्या घरातल्या वह्या रागाने गेल्या नव्हत्या.

"अशा सहा ट्रंका होत्या," सूनबाई म्हणाल्या. "वाडा पाडून ही इमारत बांधली तेव्हा ठेवायला जागा नव्हती. पाच रद्दीत दिल्या. ही तेवढी सासूबाईंनी धरून ठेवली. 'त्यात आपल्या घराण्याची अक्षरं आहेत,' म्हणायच्या."

भाच्याच्या वहीच्या दोन बाजू म्हणजे काय, ते मला तिथे पुरतेपणी उमगले. धाग्याला दोन टोके असतात. लिव्हरपूलचे टोक सुरक्षित आहे. पानन्‌पान जपलेले, यंत्राने वाचलेले, एका शब्दासरशी हजर होणारे. वॉशिंग्टनचे टोक सुरक्षित आहे, उपग्रहाचेही आहे. खानदेशचे टोक मात्र पलंगाखाली आहे, माळ्यावर आहे, वाळवीच्या तोंडी आहे. उद्या कुणी या व्यवहाराचा इतिहास लिहायला बसला, तर तो मिळेल त्याच कागदावरून लिहील. त्यात 'ऊम्रा' कापसाचा भाव असेल; ज्याच्या घरच्या पाटल्या गेल्या तो नसेल. नव्या साधनांचा यात दोष नाही. ती उलट फार उदार आहेत, आजवर जे व्यापाऱ्याला नि सरकारलाच दिसे ते रावेरच्या आजोबांनाही दाखवितात. पण किती माल गेला हे ती सांगतील. कुणाचा गेला, हे आपल्याच वह्यांतून काढावे लागेल.

त्या ट्रंकेतल्या सगळ्या पानांची छायाचित्रे काढायला भाच्याला दोन दिवस लागले. गुरुजी शेजारी बसून प्रत्येक पानावरचा शक नि नाव सांगत होते. संध्याकाळी सूनबाईंनी चहा आणला आणि सहज विचारले, "आता या वह्या आम्ही ठेवायच्या, की द्यायच्या?" गुरुजी म्हणाले, "ठेवा किंवा मंडळाला द्या. रद्दीत तेवढ्या देऊ नका."

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरची दिवाळीची झाडलोट आटोपली असेल. माळ्यावरचे गाठोडे खाली आले असेल, कदाचित दाराशी रद्दीवाल्याची वाट पाहत असेल. ते एकदा सोडून पाहा. आजोबांच्या दुकानाची कीर्द, पणजोबांच्या शेताची पावती, आफ्रिकेला किंवा एडनला गेलेल्या चुलत्यांचे पत्र, गिरणीतल्या नोकरीचे कार्ड. अक्षर मोडी असेल तर वाचणारी माणसे अजून आहेत. धुळ्याला राजवाडे मंडळ आहे, पुण्याला राजवाड्यांनीच स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. घरात कॉलेजात जाणारा भाचा-पुतण्या असेल, तर त्याच्या हातातल्या मोबाइलला एका दुपारपुरते हे काम सांगा. दिवसाचा चांगला उजेड घ्यावा, पान सपाट धरावे, आणि प्रत्येक छायाचित्राला सालाचे नि गावाचे नाव द्यावे. आपल्या भाषेत, आपल्या उच्चाराप्रमाणे.